पुढच्या क्रूझचं बुकिंग, याच जहाजावर

जहाजाच्या पाचव्या डेकवर, दागिन्यांच्या दुकानाला लागून, एक लहानसं टेबल होतं. टेबलामागे भिंतभर फोटो. निळसर पांढरा बर्फाचा कडा आणि त्याच्यासमोर खेळण्यातलं वाटावं इतकं छोटं जहाज. सिंगापूर सोडून तासभरही झाला नसेल आणि बाबा त्या फोटोसमोर हात मागे बांधून उभे होते. देवळात उभे राहतात तसे.

"हे काय, अंटार्क्टिका का?" मी विचारलं.

"अलास्का. खाली लिहिलंय."

तेवढ्यात आई मागून आली. "अहो, आधी ही सहल तर होऊ द्या. अजून जेवायची जागा सापडली नाहीये आपल्याला."

आम्ही बडोद्याचे. आजोबांच्याही आधीपासून. घरात मराठी, गल्लीत गुजराती, आणि भांडण झालं की दोन्ही. मी नोकरीसाठी बंगळुरूला असते, कंपन्यांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहिते. बाबा दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. आमच्या लहानपणीच्या सगळ्या सहली त्यांच्या एलएफसीवर झाल्या, म्हणजे कुठे जायचं यापेक्षा कुठपर्यंतचं भाडं मंजूर होतं हे आधी ठरायचं. त्यामुळे आईबाबांच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला मी माझ्या पैशातून चार रात्रींची क्रूझ ठरवली तेव्हा बाबांना ती गोष्ट पचायलाच महिना लागला. सिंगापूरहून निघायचं, पेनांग, मग फुकेत, एक दिवस नुसता समुद्र, आणि पाचव्या सकाळी परत सिंगापूर.

पहिल्यांदा क्रूझला जाणाऱ्यांना सहसा माहीत नसतं की जहाजावर पुढच्या क्रूझचं बुकिंग करणारं टेबल असतं. आम्हालाही नव्हतं. जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीच्या जहाजावर ते असतं, नावं फक्त वेगळी. रॉयल कॅरिबियन त्याला 'नेक्स्टक्रूझ' म्हणते, नॉर्वेजियन 'क्रूझनेक्स्ट', तर प्रिन्सेसवर 'फ्यूचर क्रूझ डिपॉझिट' असतं. कल्पना साधी आहे. माणूस सुट्टीवर खूश असतो, पोट भरलेलं असतं, समोर समुद्र असतो. अशा वेळी पुढची सहल विकणं सोपं. साडीच्या दुकानात चहा का पाजतात, तेच हे.

पण केवळ चहा पाजून भागत नाही, म्हणून बदल्यात काहीतरी देतातही. भाडं बहुधा तेच असतं जे वेबसाइटवर किंवा एजंटकडे मिळतं. फायदा वरून मिळतो. एकतर डिपॉझिट कमी घेतात, आणि दुसरं म्हणजे पुढच्या प्रवासात जहाजावर खर्च करायला काही डॉलर तुमच्या खात्यात आधीच जमा करतात. किती, ते प्रवास किती रात्रींचा आणि केबिन कुठली यावर ठरतं. ही रक्कम रोख हातात येत नाही. त्यातून कॉफी प्या, सहली घ्या, फोटो घ्या. तिथेच संपवायची.

हे सगळं मला पहिल्या रात्री कळलं नाही. पहिल्या रात्री आम्ही बुफेत भारतीय पदार्थांचं काउंटर शोधलं, तिथे निम्मं अहमदाबाद भेटलं, आणि बाबांनी एका सुरतच्या काकांशी एफडीच्या व्याजदरांवर तासभर चर्चा केली.

दुसऱ्या दिवशी पेनांग. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिलेली असल्यामुळे उतरणं सोपं होतं. स्वेटनहॅम धक्क्यावरून बाहेर पडलं की जॉर्जटाउन चालण्याच्या अंतरावर आहे. हे शहर मलाक्काबरोबर २००८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलं. आई हळूहळू, दर दुकानापाशी थांबत, लिट्ल इंडियापर्यंत आली. तिथल्या मारिअम्मनच्या देवळाबाहेर चपला काढताना तिने भिंतीला धरलं, ते मी पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

इथे आईच्या गुडघ्यांबद्दल सांगायला हवं. दोन्ही गुडघे बदलावे लागणार हे डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वीच सांगितलंय. आई टाळते. बाबांनी त्यासाठी एक एफडी वेगळी ठेवलीय, तिचं घरातलं नावच 'गुडघ्यांची एफडी'. फ्रिज बिघडला, भावाच्या कॉलेजची फी आली, तरी तिला कोणी हात लावला नाही. आणि देवळाबाहेरच्या पायरीवर बसून बाबा मला म्हणाले, "अलास्काला दोघांना किती येईल गं, विमानासकट?"

मी आकडा सांगितला. अंदाजेच. बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "गुडघे बदलल्यावर काय, आणि नाही बदलले तर काय, जहाजावर बसूनच तर बघायचंय."

बाबांचा हिशेब मला कळला. एफडी मोडायची, आधी अलास्का, गुडघे नंतर. मी काही बोलले नाही. आई आत प्रदक्षिणा घालत होती.

फुकेतला आमचं जहाज धक्क्याला लागत नाही. ते लांब समुद्रात थांबतं आणि छोट्या टेंडर बोटीतून पातोंगच्या किनाऱ्यावर नेतात. बोट हलत असते, पायरी उंच असते. आईने दरवाज्यापर्यंत येऊन एकदा खाली बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी इथे मस्त बसते." आम्ही दोघं गेलो. पातोंगमध्ये एका कॅफेत मोफत वायफाय होतं. जहाजावरचं इंटरनेट महाग असल्यामुळे मी तिथे बसून अलास्काच्या प्रवासांचे दर बघून घेतले. जहाजावर बुकिंग करायचा विचार असेल तर हे जरूर करा. टेबलावरचा आकडा योग्य आहे की नाही, हे तिथे बसून कळत नाही.

आम्ही परत आलो तर आई पाचव्या डेकवर, त्या अलास्काच्या फोटोखालच्या खुर्चीवर बसलेली. टेबलामागच्या कोलंबियाच्या मुलीशी गप्पा चाललेल्या. आईचं इंग्रजी म्हणजे हिंदी, गुजराती आणि हातवारे यांचं मिश्रण. पण दोन तासांत तिने त्या मुलीचं गाव, तिच्या आईचा संधिवात, सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट हे सगळं काढून घेतलं होतं. आणि बुकिंगचंही.

"दोन प्रकार आहेत," आई म्हणाली. केबिनमध्ये पाय वर करून बसली होती, हातात घरून आणलेल्या चिवड्याची पिशवी. "एक म्हणजे तारीख, जहाज, खोली सगळं आत्ता ठरवायचं. दुसरं म्हणजे काहीच ठरवायचं नाही, नुसतं डिपॉझिट ठेवायचं. माणशी शंभर डॉलर. मग पुढे कधीतरी, मुदतीच्या आत, हवी ती सहल घ्यायची."

"आणि नाही घेतली तर?" बाबा.

"परत मिळतात म्हणे. पण ते लिहून घ्या."

बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला असं सांगणारी बाई एकच.

चौथा दिवस नुसता समुद्राचा. अशा दिवशी त्या टेबलासमोर रांग लागते, आणि शेवटच्या संध्याकाळी तर फारच. ज्यांना जायचं आहे त्यांनी पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच वेळ ठरवून घ्यावी. आम्ही अर्थातच शेवटच्या दुपारी गेलो. समोर एक ऑस्ट्रेलियन जोडपं होतं, त्यांचं पाच मिनिटांत झालं. आमचं पाऊण तास चाललं. भारतीय प्रवाशाचं बुकिंग आणि त्यांचं बुकिंग यात फरक कुठे कुठे पडतो, हे त्या पाऊण तासात समजलं.

बाबांनी आधी सिएटलहून निघून सिएटललाच परत येणारा सात रात्रींचा प्रवास निवडला. कागद छापून हातात आला. बाबांनी चष्मा लावून तो कर्जाच्या अर्जासारखा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. राहण्याचा देश: सिंगापूर. आम्ही सिंगापूरला चढलो म्हणून संगणकात तेच आलं होतं. मुलीने माफी मागून 'भारत' केलं, आणि किंमत बदलली. थोडीशीच, पण वाढली. सिंगापूरच्या रहिवाशांसाठी असलेली एक सवलत गळून पडली होती.

मला वाटलं, एवढं काय त्यात. तिनेच समजावलं. क्रूझचं भाडं, सवलती, रद्द करण्याच्या अटी, सगळं प्रवासी कुठल्या देशात राहतो यावर अवलंबून असतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात दिसणाऱ्या कित्येक ऑफर फक्त अमेरिका आणि कॅनडाच्या रहिवाशांसाठी असतात, हे खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चुकीच्या देशाखाली बुकिंग झालं आणि पुढे कागद तपासताना सापडलं, तर फरक भरावा लागतो किंवा बुकिंग नव्याने करावं लागतं. तेव्हा छापील कागदावर राहण्याचा देश आणि चलन या दोन गोष्टी आधी बघा. जहाजाचं नाव नंतर.

मग नाव. आईच्या पासपोर्टवर, आपल्याकडे बहुतेकींच्या असतं तसं, पहिल्या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव एकत्र आहे, दुसऱ्यात आडनाव. मुलीने फक्त आईचं पहिलं नाव टाकलं होतं. बाबांचं नाव मधेच कुठून आलं हे तिला कळेना. बाबांनी तिला मराठी नावांची पद्धत समजावून सांगितली, मागे रांगेत सात माणसं असताना. पासपोर्टवर आहे ते अक्षर न अक्षर तसंच तिकिटावर हवं, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे.

पैशांचं थोडक्यात सांगते. जहाजावरचा हिशेब अमेरिकन डॉलरमध्ये होता. भारतीय क्रेडिट कार्डाने भरलं की बँक विनिमयावर आपला आकार लावते, बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी वेगळा. बाबांचं कार्ड तर चाललंच नाही, कारण परदेशातले व्यवहार आपण स्वतः चालू केल्याशिवाय कार्डावर बंद असतात. रिझर्व्ह बँकेचा तो नियम २०२० पासून आहे आणि बाबांनी तो शाखेत शेकडो लोकांना समजावला असेल. भर समुद्रात मोबाइलला नेटवर्क नाही, ओटीपी येणार कुठून. शेवटी माझं कार्ड. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

जहाजावर बुकिंग केलं तरी ते नंतर आपल्या गावच्या एजंटकडे सोपवता येतं, हीसुद्धा उपयोगाची गोष्ट. त्यासाठी ठरावीक दिवसांची मुदत असते, ती विचारून घ्यावी. एजंट आपल्या भाषेत बोलतो, विमानाचं आणि व्हिसाचं बघतो, आणि काही बिघडलं तर अमेरिकेतल्या नंबरवर रात्री दोन वाजता फोन लावावा लागत नाही. भारतातल्या विक्रेत्याकडून परदेशाचं पॅकेज घेतलं की टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. दर बदलत राहतात, त्यामुळे भरायच्या वेळी सीएला विचारलेलं बरं.

हे सगळं होईपर्यंत आई शांत बसली होती. पेन बाबांच्या हातात. कागदावर लिहिलं होतं की हे डिपॉझिट परत मिळणार नाही. परत मिळणारं घेतलं तर भाडं जास्त. बाबा स्वस्तातलं घेणार होते.

आईने त्या मुलीला विचारलं, "व्हिसा नो मिला तो?"

मुलगी क्षणभर थांबली. मग तिने खरं सांगितलं, याबद्दल मी तिची आभारी आहे. व्हिसाची जबाबदारी प्रवाशाची. व्हिसा नाकारला गेला किंवा वेळेत आला नाही, तर कंपनीच्या दृष्टीने तो प्रवाशाने स्वतः रद्द केलेला प्रवास. डिपॉझिट गेलं. आणि प्रवासाच्या अडीच-तीन महिने आधी पूर्ण पैसे भरल्यानंतर असं झालं, तर बरंच काही गेलं.

अलास्कासाठी एक व्हिसा पुरत नाही, ही तर मलाही तिथेच कळलेली गोष्ट. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतल्या एका बंदरात घेतलेले प्रवासी, मधे परदेशी बंदर न करता, असेच अमेरिकेत फिरवून आणता येत नाहीत. आणि बहुतेक मोठ्या क्रूझ जहाजांवर झेंडा असतो बहामाज, बर्म्युडा किंवा पनामाचा. म्हणून सिएटलहून अलास्काला जाणारी जहाजं वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, कधी कधी फक्त संध्याकाळचे काही तास. तेवढ्यासाठी ऑस्ट्रेलियन माणसाला व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्टला बहुधा कॅनडाचा पूर्ण व्हिसा लागतो. व्हँकुव्हरहून निघालं तरीही दोन्ही व्हिसे लागतातच. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच कित्येकदा महिने जातात. समोरचं ऑस्ट्रेलियन जोडपं पाच मिनिटांत का उठलं, ते तेव्हा उमगलं.

अशीच अट आमच्या या सहलीतही होती, लहान प्रमाणात. सिंगापूरहून निघून सिंगापूरला परत यायचं म्हणजे तिथे दोनदा प्रवेश. व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे मी निघण्याआधी तीनदा तपासलं होतं. बाबांनी चार वेळा.

पेन अजून बाबांच्या हातात होतं. आई मराठीत म्हणाली, म्हणजे त्या मुलीला कळू नये म्हणून, "एफडी मोडायचा विचार आहे ना तुमचा? मला देवळाच्या दारातूनच ऐकू आलं सगळं."

बाबा कागदाकडे बघत राहिले.

"काल ही दोघं बोटीतून गेली आणि मी खिडकीतून बघत बसले," आई पुढे म्हणाली. हे वाक्य माझ्याकडे बघून होतं, पण ऐकायचं बाबांनी होतं. "चांगली होती खिडकी. पण अलास्कालाही मी खिडकीतच बसायचं असेल तर एवढ्या लांब कशाला? आधी गुडघे. हिवाळ्यात करून टाकू. मग व्हिसा. मग तुमचा बर्फ."

दीड वर्ष डॉक्टर, बाबा, मी, माझा भाऊ, मावशी, सगळे जे सांगत होतो, ते आई एका जहाजावरच्या विक्रीच्या टेबलाशी बसून स्वतः म्हणाली. मागे रांगेतल्या एका बाईंनी घड्याळ बघितलं.

आम्ही तारखेचं बुकिंग केलं नाही. दोघांचं खुलं डिपॉझिट ठेवलं, माणशी शंभर डॉलर, म्हणजे साडेआठ-नऊ हजार रुपये. मुदत किती आणि वापरलं नाही तर पैसे कसे परत मिळतील, हे बाबांनी कागदावर छापलेलं दाखवून घेतलं. प्रत्येक कंपनीचे नियम निराळे असतात, काहींची रक्कम परत मिळत नाही, तेव्हा तोंडी उत्तरावर जाऊ नका. तारखेच्या बुकिंगवर खर्चायचे डॉलर जास्त मिळाले असते, हेही खरं. आम्ही ते सोडले. ज्यांच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, मुलं तिथे आहेत, जाणं नक्की आहे, त्यांनी मात्र तारीख घेऊन टाकावी. अलास्काचा हंगाम एप्रिल-मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर एवढाच, चांगल्या केबिन लवकर जातात. ग्लेशियर बेमध्ये तर दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी असते.

त्या रात्री जेवताना बाबा आम्हाला अलास्का शिकवत होते. सुरतच्या काकांनाही ओढून आणलेलं. जहाजाच्या वाचनालयात त्यांना कसलंसं पुस्तक सापडलं होतं. अमेरिकेने अलास्का रशियाकडून १८६७ साली ७२ लाख डॉलरला विकत घेतलं. जुनो ही तिथली राजधानी, पण तिला जोडणारा रस्ताच नाही, बोटीने जा नाहीतर विमानाने. स्कॅगवेहून सोन्याच्या शोधात गेलेल्या लोकांसाठी १८९८ मध्ये रेल्वे बांधायला घेतली, ती आता पर्यटकांना डोंगरात घेऊन जाते. "म्हणजे चढायला नको," बाबा आईला म्हणाले.

"मी चढणार आहे," आई म्हणाली आणि आइस्क्रीम आणायला स्वतः उठली.

पाचव्या दिवशी पहाटे दाराखालून बिल आलं. बाबांनी टिपच्या ओळीपासून प्रत्येक आकडा तपासला, डिपॉझिटची पावती वेगळी काढली, आणि ती पासपोर्टच्या पाकिटात घालणार तोच आईने घेऊन आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. तिथे एरवी दवाखान्याची कार्डं असतात.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. डिसेंबरात आईचा उजवा गुडघा झाला, डावा फेब्रुवारीत. एफडी तिच्या नावाप्रमाणे खर्च झाली. आई सध्या कमाटी बागेत सकाळी दोन फेऱ्या मारते आणि फोनवर किती पावलं झाली ते मला सांगते.

परवा रात्री बाबांचा फोन आला. अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म भरत होते, मुलाखत मुंबईला असेल. एका प्रश्नाशी अडले होते. गेल्या पाच वर्षांत कुठल्या देशांना भेट दिली? त्यांनी सिंगापूर, मलेशिया, थायलंड असं लिहिलं होतं, पण आईच्या फॉर्मवर थायलंड लिहायचं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. ती तर जहाजातून उतरलीच नव्हती.

मागून आईचा आवाज आला, "लिहा की खरं काय ते. म्हणावं, खिडकीतून पाहिलंय."